सर्व घागरी ढग आहेत

विधाने: सर्व घागरी ढग आहेत. काही ढग पोपट आहेत.
निष्कर्ष: (१) काही घागरी पोपट आहेत. (२) एकही घागर पोपट नाही.

मजकूर एवढाच. चार वाक्ये, तीन नामे आणि खाली पाच पर्याय: केवळ पहिला निष्कर्ष निघतो, केवळ दुसरा निघतो, एकतर पहिला किंवा दुसरा निघतो, दोन्ही निघत नाहीत, दोन्ही निघतात. स्पर्धा परीक्षांच्या वाटेने चार पावले चाललेल्या कोणालाही हा साचा अनोळखी नाही. बँकेच्या भरतीत तो ‘सिलॉजिझम’ म्हणून भेटतो, एमपीएससीच्या सी-सॅटमध्ये ‘विधाने व निष्कर्ष’ म्हणून, आणि शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत त्याचे धाकटे भावंड ‘तर्कसंगती व अनुमान’ या मथळ्याखाली बसलेले असते. आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत रीझनिंगच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद, आणि उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव हिस्सा वजा. इतक्या घाईत कोणी रसास्वाद घेत नाही, घेऊही नये. पण परीक्षा नसताना, घड्याळ उलटे ठेवून, हाच प्रश्न आपण एखाद्या छोट्या रचनेसारखा सावकाश वाचला, तर त्यातली कारागिरी शब्दागणिक उलगडू लागते. वरच्या प्रश्नातले घागर, ढग आणि पोपट माझे. बांधणी मात्र अस्सल परीक्षेतली आहे.

प्रश्नाच्याही आधी येते ती सूचना, आणि रसिकाने थांबावे असे पहिले ठिकाण तेच. दिलेली विधाने सर्वज्ञात तथ्यांशी विसंगत वाटली तरी ती सत्य माना, अशा अर्थाचे ते वाक्य वर्षानुवर्षे छापून इतके गुळगुळीत झाले आहे, की परीक्षार्थीची नजर त्यावरून घसरून थेट प्रश्नावर जाते. पण या एका वाक्याने केवढे काम केले आहे पाहा. घागर तांब्यापितळेची असते, ढग पाण्याचा असतो, पोपट पेरूच्या झाडावर बसतो, हे आपले जन्मभराचे ज्ञान त्याने दारातच उतरवून घेतले. सामान्यज्ञानाच्या पेपरात ज्याच्या घरी दोन वर्तमानपत्रे येतात त्याचे पारडे जड. इंग्रजीच्या पेपरात शाळा कुठली होती यावर बरेच ठरून जाते. ढगांचे पोपटांशी काय नाते असते, हे मात्र कोणाच्याच घरात कोणी शिकवलेले नसते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली मुलगी आणि गावच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात बसलेला मुलगा या वाक्यापुढे सारखेच रिकाम्या हाताने उभे असतात. (पुढे क्लासची फी कोणाला परवडते हा प्रश्न येतोच, पण तो प्रश्नाच्या बाहेरचा.)

नामांची ही विचित्र निवडही वरवर वाटते तितकी बेफिकीर नाही. पेपर काढणारे बिचारे टेबल, खुर्ची, पेन, फूल, नदी, मांजर असे जे सुचेल ते लिहून मोकळे होत असतील. परिणाम मात्र साधायचा तो साधतो. त्याची खूण पटवायची तर आपण घागरींच्या जागी पुढारी बसवून पाहू. सर्व पुढारी वक्ते आहेत. काही वक्ते खोटारडे आहेत. म्हणून काही पुढारी खोटारडे आहेत! मन किती चटकन होकार देऊन मोकळे झाले! वास्तविक हा तोच प्रश्न आहे, तीच दोन विधाने, तीच पदांची जागा. आणि हा निष्कर्ष तिथेही निघत नाही, इथेही निघत नाही. पुढाऱ्यांविषयीचे आपले मत आधीच तयार होते, त्याने तर्काला बोलूच दिले नाही. माणसाच्या या खोडीचा रीतसर प्रयोग जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला: निष्कर्ष मनाला पटणारा असेल, तर तो चुकीच्या वाटेने आलेला असला तरी माणसे मोठ्या प्रमाणात स्वीकारतात. घागरी ढग आहेत म्हटल्यावर मात्र मनाला घेण्यासारखी बाजूच उरत नाही. अर्थाचा सगळा गोंगाट शांत होतो आणि मागे राहतो तो फक्त ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘आहे’ यांचा निखळ सांगाडा.

पण न पटलेले क्षणभर खरे मानण्याची ही तयारी माणसात उपजत असते असे म्हणवत नाही. १९३१-३२ साली सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया उझबेकिस्तानातल्या खेड्यांतून हिंडले. तिथल्या शेतकऱ्यांपुढे त्यांनी दोन विधाने ठेवली: अतिउत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या अतिउत्तरेला आहे. मग तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेकांनी उत्तर द्यायचेच नाकारले. आम्ही तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी काय बोलावे, जो जाऊन आला असेल त्याला विचारा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. लुरियांनी त्यावरून शालेय शिक्षणाने विचाराची रीत कशी पालटते याचा सिद्धान्त मांडला. मला मात्र ते उत्तर कधी अडाणीपणाचे वाटले नाही. आपले नैयायिक तिथे असते तर तेही त्या शेतकऱ्यांच्या बाजूला थोडे झुकले असते. न्यायदर्शनातले अनुमान पाच पायऱ्यांनी चालते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच. म्हणून तिथे आग आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हातात घेऊन पाठशाळांतल्या पिढ्यांनी हेच अनुमान घोकले, आणि त्यातल्या तिसऱ्या पायरीवर ते स्वयंपाकघर आल्याशिवाय धुराचे पाऊल पुढे पडत नाही. व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, नुसती सांगून भागत नाही, ती कुठेतरी पाहिलेली असावी लागते. परीक्षेतल्या प्रश्नाने हे स्वयंपाकघर वगळले. तिथे कोणी आग पाहिलेली नाही, कोणी पाहायची नाही. २०१९ पासून यूजीसी-नेट परीक्षेच्या पहिल्या पेपराच्या अभ्यासक्रमात ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी आली आहेत, आणि एकाच सकाळी विद्यार्थी आधी घागरींचे ढग मान्य करतो व मग हेत्वाभास ओळखत बसतो, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते.

आता पहिले विधान. सर्व घागरी ढग आहेत. ‘सर्व’ हा शब्द किती भारदस्त वाटतो! पण त्याचे सामर्थ्य वाक्याच्या एकाच बाजूला आहे. घागरींविषयी त्याने शेवटच्या घागरीपर्यंत हमी घेतली. एकही सुटलेली नाही, फुटकी नाही की माळ्यावर विसरलेली नाही. ढगांविषयी मात्र तो मौन बाळगून आहे. घागर नसलेले ढग असतील का? असतील, नसतील, विधानाला त्याचे काही नाही. म्हणून हे वाक्य जसेच्या तसे उलटवता येत नाही. सर्व ढग घागरी आहेत असे म्हटले की आपण न दिलेले घेतले. काही ढग घागरी आहेत, इतकेच म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. उलटवताना ‘सर्व’चा ‘काही’ होतो, ही घट ज्याच्या अंगवळणी पडली त्याचे निम्मे प्रश्न सुटले, असे क्लासमधले सर सांगतात ते खरेच आहे.

इथे एक जुना वादही हळूच मिटवून टाकलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल आणि त्यांच्यामागून आलेल्या तर्कज्ञांनी ‘सर्व’ या शब्दातून अस्तित्वाची हमी काढून घेतली. सशाची सर्व शिंगे टोकदार असतात, असे म्हणणाऱ्याने सशाला शिंगे आहेत असे कुठे म्हटले? त्यांच्या हिशेबाने ‘सर्व घागरी ढग आहेत’ यावरून ‘काही ढग घागरी आहेत’ हेही निघत नाही, कारण घागरी मुळात असतीलच असे नाही. परीक्षेच्या दालनात मात्र आजही ॲरिस्टॉटलचे राज्य आहे. तिथे ज्याचे नाव घेतले ते असतेच. संगणकावर क्लिक करून उत्तर देणारा विद्यार्थी, ज्या यंत्रात बूलचे बीजगणित अहोरात्र धावते आहे त्याच यंत्रासमोर बसून, त्या क्षणापुरता बूलला नाकारून इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या ग्रीक गुरूची बाजू घेतो. हे त्याच्या गावीही नसते, आणि नसलेलेच बरे, कारण ३४ सेकंदांत दोघांना न्याय देता येणार नाही.

दुसऱ्या विधानाशी मात्र आपण अंमळ जास्त रेंगाळू, कारण या प्रश्नाची सारी गोडी तिथे साठली आहे. काही ढग पोपट आहेत. बोलताना आपण ‘काही’ म्हणतो तेव्हा ‘सगळे नाहीत’ हे न बोलताच सांगून टाकतो. काही पाहुणे जेवले, असे कोणी मांडवात म्हणाले की यजमान उरलेल्यांना शोधायला धावतो. वर्गातली काही मुले पास झाली म्हटले की नापास कोण झाले हाच पुढचा प्रश्न. व्यवहारात हे ठीकच आहे. सगळे जेवले असते तर सांगणाऱ्याने तसे सांगितले असते. परीक्षेतल्या ‘काही’ने ही न बोललेली बाजू पूर्ण झटकून टाकली आहे. त्याचा अर्थ निदान एक. त्याला खालची मर्यादा आहे, वरची नाही. सगळ्या आभाळात एकच ढग पोपट असला तरी विधान खरे, आणि झाडून सारे ढग पोपट असले तरीही ते खरेच. जितके ठाऊक आहे तितकेच सांगायचे, पुढचे नाकारायचेही नाही आणि कबूलही करायचे नाही, असा हा शब्द. मितभाषी माणसाविषयी आपल्याला जो आदर वाटतो, तोच मला या ‘काही’विषयी वाटतो. शिवाय ‘सर्व’ला जे साधत नाही ते त्याला सहज साधते: काही ढग पोपट आहेत, तर काही पोपट ढग आहेत. वाक्य उलटवले आणि एक कणही सांडला नाही. नवखा परीक्षार्थी जिथे अडखळतो ती जागाही हीच. व्यवहारातले ‘काही’ जिभेवर इतके बसलेले असते, की ‘काही ढग पोपट नाहीत’ हा निष्कर्ष तो न विचारता पदरात पाडून घेतो. विधानाने तो दिलेला नव्हता.

दोन्ही विधाने वाचून झाली की हात आपोआप कच्च्या कागदाकडे जातो आणि वर्तुळे उमटू लागतात. एक मोठे वर्तुळ ढगांचे, त्याच्या पोटात घागरींचे लहान, आणि ढगांना एका बाजूने छेदून जाणारे पोपटांचे तिसरे. सगळे याला वेन आकृती म्हणतात. खरे तर पेन्सिलीने कच्च्या कागदावर काढली जाते ती बहुतेक वेळा ऑयलरची आकृती. लिओनार्ड ऑयलर बर्लिनला असताना त्यांनी १७६० ते १७६२ या काळात एका जर्मन राजकन्येला शास्त्रे समजावणारी पत्रे लिहिली, १७६८ पासून ती पुस्तकरूपाने निघाली, आणि त्यांत तर्क शिकवायला त्यांनी हीच एकात एक, एकाबाहेर एक वर्तुळे काढली. जॉन वेन यांनी १८८० साली मांडलेली रीत वेगळी: तीनही वर्तुळे आधी एकमेकांत गुंतवून सगळे कप्पे तयार ठेवायचे, मग जे रिकामे ते रेघांनी काळे करायचे. ‘ॲलिस’चे लेखक लुइस कॅरल यांनी तर १८८६ मध्ये याचा चक्क पट मांडून खेळ केला, कप्प्यात कोणी असेल तर लाल सोंगटी, कोणी नसेल तर करडी. ऑक्सफर्डला गणित शिकवणारा हा माणूस विधाने रचताना मगरी आणि तान्ही बाळे एकाच प्रश्नात आणत असे, तेव्हा घागरींना पोपट भेटवण्यात आपण काही विशेष केले असे समजू नये.

तिन्ही रीती भल्या आहेत, पण प्रश्नाची गंमत ऑयलरच्या वर्तुळांतच हाताला जाणवते. पोपटांचे वर्तुळ ढगांना छेदणार हे नक्की. पण कुठे छेदणार? पेन्सिल ढगांच्या कडेवरून आत शिरते आणि घागरींच्या वर्तुळाजवळ येऊन घुटमळते. आत जायचे की बाहेरूनच वळायचे? विधानांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. कसलेला परीक्षार्थी दोन आकृत्या काढतो. नवखा एकच काढतो आणि तिलाच खरे मानून उत्तराचे बटण दाबतो. आकृती सोयीची म्हणून ती खरी होत नाही, हे त्या घुटमळणाऱ्या पेन्सिलीइतके नेमके मी कुठे पाहिलेले नाही.

हे घुटमळणे कशामुळे झाले? दोष ढगांचा. ढग दोन्ही विधानांत आहे आणि निष्कर्षात कुठेही नाही. तर्कशास्त्रात त्याला मध्यपद म्हणतात, आणि या सगळ्या छोट्या नाट्यातले माझे आवडते पात्र तेच. दोन घरांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ जसा बैठकीत सर्वांहून जास्त बोलतो आणि लग्नपत्रिकेत त्याचे नाव कुठेच नसते, तसे हे पद: दोन अनोळखी नामांना एकत्र आणायचे आणि निष्कर्षाच्या उंबरठ्यावरून मागे फिरायचे. पण त्याची मध्यस्थी फळायची तर एक अट आहे. दोनपैकी निदान एका विधानात त्याच्याविषयी पूर्णपणे, झाडून सगळ्यांविषयी बोललेले असले पाहिजे. ते पद एकदा तरी व्याप्त हवे. आपल्या प्रश्नात पहिले विधान सर्व ढगांविषयी काही बोलत नाही, दुसरे तर उघडच काहींपुरते बोलते. घागरी ढगांच्या एका कोपऱ्याशी बोलून गेल्या, पोपट कदाचित दुसऱ्याच कोपऱ्याशी. दोघांची गाठ पडली की नाही हे ढगालाही ठाऊक नाही. आता दुसऱ्या विधानातला एकच शब्द बदलू: सर्व ढग पोपट आहेत. घागरींना पळायला जागा उरत नाही, त्या सर्वच्या सर्व पोपट ठरतात. किंवा म्हणू, एकही ढग पोपट नाही. मग घागरींचा पोपटांशी संबंध कायमचा तुटला. दोन्हीकडे ढगाने पुरते तोंड उघडले आणि निकाल लागला. एका ‘काही’ने तोच ढग मुका होतो.

मग उत्तर काय? पहिला निष्कर्ष ठामपणे निघत नाही, दुसराही निघत नाही. उतावळा विद्यार्थी ‘दोन्ही निघत नाहीत’ या पर्यायावर बोट ठेवतो, आणि तिथेच या रचनेचा सर्वात देखणा वळसा आहे. दोन्ही निष्कर्ष पुन्हा शेजारी ठेवून पाहू. काही घागरी पोपट आहेत. एकही घागर पोपट नाही. उद्देश्य तेच, विधेय तेच, आणि दोन्ही एकमेकांचे पुरते विरोधी. दोन्ही एका वेळी खरे असणार नाहीत, दोन्ही एका वेळी खोटेही असणार नाहीत. कोणते खरे हे आपल्याला कळलेले नाही. पण दोहोंपैकी एक खरे आहे हे निश्चित कळले आहे. उत्तर: एकतर पहिला किंवा दुसरा. पाच पर्यायांत मला हा तिसरा सर्वांत सुंदर वाटतो. अज्ञान आणि निश्चिती एकाच वाक्यात, एकमेकींना धक्का न लावता, इतक्या शांतपणे नांदताना क्वचित दिसतात. आणि ही निश्चिती विधानांनी दिलेलीही नाही. घागरी, ढग, पोपट सारे पुसून टाकले तरी ती राहणारच होती. विधानांनी फक्त एवढेच केले की कोणताही एक निष्कर्ष त्यांनी आपल्या बळावर सिद्ध होऊ दिला नाही. काही न सांगून त्यांनी ही जागा मोकळी ठेवली, म्हणून ती आपल्याला दिसली.

असे किती साचे असतील? ॲरिस्टॉटलच्या चौकटीतली चार प्रकारची विधाने, तीन-तीनच्या जुळण्या आणि मध्यपदाच्या चार जागा मिळून २५६. त्यांतले अचूक फक्त २४. बूलच्या कडक हिशेबाने तर १५. मध्ययुगातल्या युरोपीय पंतोजींनी ते पाठ करायला लॅटिन स्वरांची नावे रचली: बार्बारा, सेलारेंट, डारिआय, फेरिओ. बार्बारातले तीन ‘आ’ म्हणजे तीन सर्ववाची होकार: सर्व घागरी ढग, सर्व ढग पोपट, म्हणून सर्व घागरी पोपट. आमच्याकडच्या क्लासेसनी तेच काम दोन ओळींत उरकले आहे: ऑल अधिक ऑल बरोबर ऑल, ऑल अधिक नो बरोबर नो, सम अधिक ऑल बरोबर सम, ऑल अधिक सम बरोबर शून्य. फळ्यावरचे हे सूत्र पाहून तर्कशास्त्राचे प्राध्यापक नाक मुरडतात. मुरडू नये. बार्बारा घोकणारा मठातला विद्यार्थीही काही वेगळे करत नव्हता.

अलीकडच्या बँक परीक्षांनी या जुन्या घरात नवे दिवे लावले. निष्कर्षात ‘शक्यता आहे’ येऊ लागले, आणि वाचण्याची दिशाच पालटली: आधी पाहायचे, हे अटळ आहे का, आता पाहायचे, याला कोणी अडवले आहे का. सर्व ढग पोपट असण्याची शक्यता आहे, हे आपल्या विधानांतून निघते, कारण कोणी अडवलेले नाही. मग विधानातच ‘केवळ’ आले: केवळ काही ढग पोपट आहेत. म्हणजे काही आहेत आणि काही नाहीत. या एका शब्दाने सर्व ढग पोपट होण्याची शक्यता बंद झाली. पण सर्व पोपट ढग असण्याची शक्यता तशीच उघडी राहिली, आणि सर्व घागरी पोपट असण्याचीही! का, ते वर्तुळे काढून पाहण्यासारखे आहे. ‘केवळ’चे बाकीचे खेळ मला इतके रुचत नाहीत, त्यांत चतुराई जास्त आणि रस कमी. भाषांतराने झालेला घोळ तर मुळीच रुचत नाही. ‘सर्व घागरी ढग नाहीत’ असे विधान कधी कधी छापून येते. त्याचा अर्थ एकही घागर ढग नाही, की काही घागरी ढग नाहीत, ते वाचणाऱ्याने कसे ठरवावे? ज्या प्रश्नाचे सारे वैभव नेमकेपणात, त्यात एवढी ढिलाई खपवून घेऊ नये. ‘एकही घागर ढग नाही’ असे लिहायला मराठीत काही अवघड नाही.

जाता जाता आपल्यासाठी एक प्रश्न. विधाने: एकही दगड फूल नाही, सर्व फुले समुद्र आहेत. निष्कर्ष: (१) काही दगड समुद्र नाहीत, (२) काही समुद्र दगड नाहीत. फरक केवळ पदांच्या जागेचा, आणि निघतो तो एकच निष्कर्ष. कोणता, ते घड्याळ न लावता, दोन आकृत्या काढून पाहा.